जोनच्या चेहऱ्यावर निवेदन नको : चित्रपट महोत्सवाच्या संयोजकांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि संयोजन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महोत्सवात तुम्ही कार्ल ड्रायर यांचा १९२८ सालचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा मूकपट दाखवलात. आपल्या जिल्ह्याच्या गावी असा चित्रपट मोठ्या पडद्यावर लागतो ही साधी गोष्ट नाही, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण तो ज्या रूपात दाखवलात आणि नंतर समारोपात जे दोन निर्णय जाहीर केलेत, ते ऐकून गप्प बसणं मला शक्य नाही. पहिला निर्णय असा की पुढच्या वर्षापासून मूकपटांचा विभाग बंद. दुसरा असा की या चित्रपटाची तुम्ही करून घेतलेली, मराठी निवेदन चढवलेली छोटी आवृत्ती जूनपासून तालुक्यातालुक्यातल्या शाळांमध्ये फिरवायची. समितीला मी आधी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमचे वरच्या वर्गातले विद्यार्थी आणि शाळा संपवून कामाधंद्याला लागलेले काही माजी विद्यार्थी घेऊन मी त्या खेळाला आले होते. या मुलांच्या वाट्याला बहुतेक करमणूक दुसऱ्याच्या मार्फत येते. नाटक असो, कीर्तन असो, गणपतीतला कार्यक्रम असो, शेजारी बसून कुणीतरी हातांनी सांगत राहायचं आणि त्यांनी रंगमंच सोडून त्या हातांकडे बघायचं. मराठी सिनेमाला सबटायटल असली तरी ती बहुधा इंग्रजी असतात. मूकपटात मात्र जे काही बोललं जातं ते पाट्यांवर लिहिलेलं असतं आणि बाकीचं सगळं डोळ्यांसमोर घडतं. तिथे मुलांना माझी गरज लागत नाही. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत या चित्रपटाचं नाव दिसलं तेव्हा आमच्या शाळेत किती आनंद झाला असेल, याची कल्पना तुम्हाला यावी म्हणून हे सांगते.

आम्ही तयारीही केली होती. इतिहासाच्या तासाला जोनची गोष्ट हातांनी सांगून झाली. दोंरेमी नावाच्या खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, अक्षरओळख नसलेली. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातलं युद्ध पिढ्यान् पिढ्या रेंगाळलेलं. संतांचे आवाज ऐकू येतात असं सांगत ती राजपुत्राकडे जाते, १४२९च्या मे महिन्यात ऑर्लेआंचा वेढा उठतो, जुलैत रँसला सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक होतो. पुढच्याच वर्षी काँपियेनला ती पकडली जाते, पैसे मोजून इंग्रजांच्या ताब्यात दिली जाते आणि रूआं शहरात बिशप पिएर कोशों यांच्यापुढे तिच्यावर पाखंडाचा खटला चालतो. ३० मे १४३१ रोजी तिला भर बाजारात जिवंत जाळलं. वय साधारण १९. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, तो निकाल चर्चनेच रद्द केला आणि १९२० साली तिला संतपद दिलं. ड्रायर यांचा चित्रपट त्यानंतर आठ वर्षांनी आला. त्यातले प्रश्न आणि उत्तरं मोठ्या प्रमाणात त्या खटल्याच्या जुन्या नोंदींवरून घेतलेली आहेत.

गोष्ट ऐकताना नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, “तिला आवाज ऐकू आले म्हणून ती संत झाली. मग ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी देव कसा बोलतो?” मी म्हटलं, चित्रपट बघ, मग आपण बोलू. मी असं म्हटलं त्याला कारण होतं. या चित्रपटात ते आवाज कुणालाही ऐकू येत नाहीत आणि ते संत कुणाला दिसतही नाहीत. देवदूत उतरत नाही, ढगांतून प्रकाशाची तिरीप येत नाही. न्यायाधीश विचारतात, संत मायकेल तुला कसा दिसला, त्याला पंख होते का, तो उघडा होता का. जोन उलट विचारते, देवाकडे त्याला घालायला कपडे नसतील असं वाटतं का तुम्हाला? जोनने काय पाहिलं ते पाहणाऱ्याला फक्त तिचं काम करणाऱ्या रने फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावरून कळतं. डोळ्यांत येऊन थांबलेलं पाणी, किंचित उघडे ओठ, मान वर होताना कपाळावर पडणारा उजेड. ऐकू येणारे आणि न येणारे, सगळे प्रेक्षक या बाबतीत एकाच पायरीवर उभे असतात. जगातल्या फार थोड्या कलाकृतींबद्दल असं म्हणता येईल.

तुम्ही नेमकं तिथेच घुमणाऱ्या आवाजातली ‘आकाशवाणी’ घातलीत. फाल्कोनेत्ती वर पाहते आणि कर्ण्यातून बाईचा प्रतिध्वनी भरलेला आवाज येतो, “कन्ये, भिऊ नकोस.” मला ऐकू येतं म्हणून मला ते कळलं. मुलांना कळलं ते एवढंच, की सभागृहातले लोक आता काहीतरी ऐकताहेत आणि आपण पुन्हा बाहेर आहोत. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला मी घरी परत जाताना काय सांगायचं होतं? ड्रायर यांनी जे दाखवायचं आणि ऐकवायचं ठामपणे नाकारलं ते त्यांच्या चित्रपटात घुसडण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हा माझा पहिला आणि सगळ्यांत मोठा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार पाट्यांची. मूळ पाट्या तुम्ही काढून टाकल्यात आणि त्यांच्या जागी निवेदकाचा आवाज टाकलात. पाट्या फ्रेंच आहेत, आपल्या लोकांना वाचता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्याखाली मराठी ओळ देता आली असती. पाट्यांवरची वाक्यं छोटी आहेत. “तुझं वय काय?” “एकोणीस... बहुतेक.” या उत्तराआधी जोन बोटांवर मोजते. हे मुलांना शाळेत लॅपटॉपवर दाखवलेलं होतं, म्हणून थिएटरमध्ये बोटं मोजताना दिसली तसा एकाने मला कोपर मारलं आणि अंधारात हात हलवून विचारलं, पाटी कुठे गेली? मी मोबाइलचा दिवा माझ्या हातांवर धरून निवेदकाचं बोलणं खुणांनी सांगायला लागले. दोन मिनिटांत तुमचा स्वयंसेवक येऊन दिवा बंद करा म्हणाला. त्याची चूक नव्हती, त्याला नियम तसाच सांगितलेला होता. पुढचा सगळा खेळ आमच्या रांगेने अर्थाविना पाहिला. मूकपटाच्या खेळाला कर्णबधिर प्रेक्षकाला काहीही कळू नये, अशी परिस्थिती मी तरी आजवर पाहिलेली नव्हती.

एका प्रसंगाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. स्मशानात जोनपुढे कागद धरतात. सही कर, नाहीतर जाळू. तिला वाचता येत नाही. ती थकलेली आहे, तापाने गळून गेलेली आहे, आणि शेवटी तिचा हात धरून तिच्याकडून सही करून घेतली जाते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक जण आता वर्कशॉपमध्ये काम करतो. शाळेत हा प्रसंग पाहून त्याने सांगितलं होतं की त्याच्यापुढेही कागद असेच येतात, बोट ठेवून जागा दाखवली जाते, वर काय लिहिलंय ते कुणी सांगत बसत नाही. त्याला हा प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहायचा होता. तुमच्या आवृत्तीत त्यातली धमकीची पाटीच नाही. कागद येतो, सही होते, निवेदक पार्श्वभूमीला युद्धाची माहिती सांगत राहतो. ज्यांना ऐकू येत होतं त्यांनाही त्या क्षणी जोनवर काय बेतलं होतं ते नीट कळलं असेल असं मला वाटत नाही.

तिसरी तक्रार चौकटीची, आणि ही तुम्हाला किरकोळ तांत्रिक बाब वाटू नये म्हणून जरा सविस्तर सांगते. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे. तुम्ही तो आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी मोठा केलात, त्यामुळे वरचा आणि खालचा भाग कापला गेला. ड्रायर आणि त्यांचे छायालेखक रुडॉल्फ माटे यांनी चेहरे इतके जवळून टिपलेत की मुळातच कपाळ किंवा हनुवटी चौकटीच्या कडेला टेकलेली असते. त्यात आणखी कापलं तर भुवया जातात, ओठ जातात. आता भारतीय सांकेतिक भाषेचं बघा. तिचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. भुवया न उचलता हातांची तीच हालचाल केली तर ते साधं विधान होतं. नकार डोक्याच्या हालचालीत असतो, शंका डोळ्यांत असते. माझे विद्यार्थी लहानपणापासून चेहरे वाचत मोठे झाले आहेत. दीड हजाराच्या आसपास शॉट असलेला, निम्म्याहून जास्त गोष्ट चेहऱ्यांवर सांगणारा हा चित्रपट त्यांच्यासाठी काय चीज आहे, हे यावरून ध्यानात घ्या.

शाळेत त्यांनी जे टिपलं ते मलाही आधी दिसलेलं नव्हतं. लॉयसेलूर नावाचा पाद्री राजाचं खोटं पत्र दाखवून जोनचा विश्वास मिळवतो. मग कोठडीत प्रश्न विचारले जातात तेव्हा ती दर वेळी आधी त्याच्याकडे बघते आणि तो डोळ्यांनी होकार देतो. मुलांनी हे पहिल्याच झटक्यात ओळखलं आणि त्यातल्या एकाने माझ्याकडे वळून ‘लबाड’ अशी खूण केली. पुढे तिला विचारतात, देवाची कृपा तुझ्यावर आहे अशी तुझी खात्री आहे का? हो म्हटलं तर उद्दामपणा, नाही म्हटलं तर कबुली. मासियू हा तरुण पाद्री तिला सावध करू पाहतो तर त्यालाच दटावलं जातं. जोन उत्तर देते : कृपेत असेन, तर देव मला तिथेच ठेवो, नसेन, तर तिथे नेवो. त्यानंतर न्यायाधीशांचे चेहरे एकामागोमाग एक बदलतात. कुणी थक्क, कुणी चिडलेला, कुणी खाली बघणारा. तुमच्या पडद्यावर या चेहऱ्यांची निम्मी कपाळं नव्हती.

यातला एकही चेहरा रंगवलेला नाही, हेही तुमच्या परिचयपत्रकात यायला हवं होतं. नटांनी मेकअप केलेला नाही. त्या काळात नव्याने वापरात आलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर कातडीचा खरा पोत उमटायचा, म्हणून सुरकुत्या, चामखिळी, घाम, सगळं जसंच्या तसं दिसतं. पाद्र्यांचं काम करणाऱ्यांची डोकी खरोखर भादरलेली होती. चित्रीकरण १९२७ मध्ये बहुतांशी घटनांच्या क्रमाने झालं आणि जोनचे केस कापण्याचा प्रसंग आला तेव्हा फाल्कोनेत्तीचे केस खरेच कापले गेले. पडद्यावर तिच्या गालावरून जे ओघळतं ते बघताना आमची मुलं पापणी हलवत नाहीत. चित्रीकरणासाठी उभारलेल्या किल्ल्याच्या भिंती पडद्यावर करड्या दिसाव्यात आणि पांढऱ्या आकाशापुढे उठून दिसाव्यात म्हणून गुलाबी रंगवल्या होत्या आणि खालून वर बघणारे कोन मिळावेत म्हणून जमिनीत खड्डे खणले होते. एवढा खर्च करून बांधलेला तो किल्ला चित्रपटात धड दिसतसुद्धा नाही, कारण दिग्दर्शकाला चेहरे हवे होते. असा निर्णय घेणाऱ्या माणसाची चौकट कापताना हात थांबायला हवा होता.

चौथी तक्रार लांबीची. पूर्ण चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने साधारण ८१ मिनिटांचा होतो, २० चौकटींच्या गतीने ९७. तुम्ही पाऊण तास दाखवलात. आजारी जोनचं उपचार म्हणून रक्त काढण्याचा प्रसंग गेला, सैनिक तिला गवताचा मुकुट घालून छळतात तो गेला, आणि शेवटच्या भागातला तिच्या प्रसाद-ग्रहणाचा, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या विधीचा, प्रसंगही गेला. समितीतल्या एका सदस्यांनी मला सांगितलं की पाद्र्यांना वाईट दाखवलेलं आहे, कुणाच्या भावना दुखावतील, म्हणून काळजी घेतली. ही काळजी नवी नाही. १९२८ च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला पहिला खेळ झाल्यावर पॅरिसमध्ये प्रदर्शनाआधी तिथल्या आर्चबिशपांच्या आणि सरकारी सेन्सॉरच्या सांगण्यावरून चित्रपटाला कात्री लागलीच होती. ब्रिटनमध्ये तर इंग्रज सैनिक क्रूर दाखवलेत म्हणून बंदी आली. आणि हा चित्रपट धर्माविरुद्ध आहे असं ज्याला वाटेल त्याने तो प्रसाद-ग्रहणाचा प्रसंगच पाहावा. तुझा मोठा विजय कोणता, असं मासियू विचारतो तेव्हा ती म्हणते, माझं हौतात्म्य. आणि सुटका? मृत्यू. चितेजवळ जल्लादाच्या हातून दोर खाली पडतो तर तीच तो उचलून त्याला देते. इतकी श्रद्धा पडद्यावर क्वचितच आली असेल. ती तुम्ही भावना जपण्यासाठी कापलीत.

हा चित्रपट आपल्यापर्यंत कसा पोहोचला तेही तुम्हाला ठाऊक असावं, कारण तुमच्या महोत्सवाच्या घोषवाक्यातच वारसा हा शब्द आहे. मूळ निगेटिव्ह ६ डिसेंबर १९२८ रोजी बर्लिनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत जळालं. ड्रायर यांनी न वापरलेल्या शॉटमधून पुन्हा जुळवाजुळव करून दुसरी आवृत्ती उभी केली. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत आग लागून तिचं निगेटिव्हही गेलं. मग अनेक वर्षं लोक तुटकफाटक प्रतींवर भागवत राहिले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लो दुका नावाच्या गृहस्थांनी हाती लागलेल्या प्रतीवर बाख, विवाल्दी वगैरेंचं संगीत चढवलं, बऱ्याच पाट्या काढल्या, काही ठिकाणी मजकूर चर्चच्या रंगीत काचांच्या चित्रांवर छापला. ड्रायर तेव्हा हयात होते आणि त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयातल्या कपाटात फिल्मचे डबे सापडले. पाट्या डॅनिश होत्या. ते डबे चित्रपटसंस्थेकडे गेले, आणखी काही वर्षं तसेच राहिले, आणि अखेर उघडल्यावर कळलं की ही कात्री लागण्याआधीची मूळ आवृत्ती आहे. ड्रायर १९६८ मध्ये वारले, फाल्कोनेत्ती १९४६ मध्ये ब्युनोस आयर्सला. दोघांनाही हे कळलं नाही. आज ती पूर्ण, दुरुस्त केलेली आवृत्ती सहज मिळते. तुमच्या हातातही तीच होती, हे मला तुमच्याच तंत्रज्ञांनी सांगितलं. ती घेऊन तुम्ही लो दुकांनी केलं होतं त्याहून जास्त केलंत.

तुमची बाजूही मी ऐकून घेतली आहे. लोक कंटाळतात, उठून जातात, वाचायला वेळ लागतो, वयस्क माणसांना पाट्या झेपत नाहीत. यातलं शेवटचं खरं आहे आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर निवेदन हवंच. आपल्याकडे मूकपटांच्या काळात थिएटरात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारे असत, पेटी-तबला वाजवणारे असत. पण ते वाचत ती पाटी पडद्यावर असायची. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये पाट्या इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत आहेत. लोकांना कळावं म्हणून भाषा वाढवली होती, लिखाण पुसलं नव्हतं. निवेदन ठेवा, हेडफोनमधून द्या, एखाद्या खेळाला थेट माइकवरूनही द्या. त्यासाठी पाट्या का जाव्यात, हे मला कुणी समजावून सांगावं.

संगीताबद्दल माझी काहीच हरकत नाही. चांगलं वाजवणारी माणसं आपल्या गावात आहेत, त्यांना बोलवा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क दिला आहे, आणि दृक्‌श्राव्य माध्यमांना सांकेतिक भाषा आणि सबटायटलची सोय असावी असंही म्हटलं आहे. थिएटरमधल्या चित्रपटांसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ मध्ये सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला कायद्याचा धाक घालायचा नाही. पण सगळे बोलपट आमच्या मुलांसाठी सुलभ करायला पुष्कळ खटाटोप आणि पैसा लागेल, हे ऐकत आम्ही वर्षं काढली आहेत आणि समजून घेतलं आहे. इथे काहीच करावं लागणार नव्हतं. जे होतं ते आहे तसं दाखवायचं होतं.

आता मागण्या.

निवेदनाची छोटी आवृत्ती शाळांमध्ये पाठवू नका. ज्या मुलांनी हा चित्रपट पहिल्यांदा असा पाहिला ती पुन्हा तो पाहायला जाणार नाहीत. पाठवायचीच तर पूर्ण आवृत्ती पाठवा, मूळ पाट्यांसह आणि त्यांच्याखाली मराठी ओळीसह. लहान वर्गांना तो दाखवू नये हे मलाही पटतं. आठवीच्या पुढे दाखवा, आधी अर्धा तास गोष्ट सांगा.

पुढच्या महोत्सवात हाच चित्रपट पुन्हा, पूर्ण लांबीत, मूळ चौकटीत दाखवा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहील, राहू द्या. कोणती आवृत्ती आहे, कोणत्या गतीने दाखवतो आहोत, संगीत कुणाचं आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत छापा. ‘आकाशवाणी’ पूर्णपणे काढा.

मूकपटांचा विभाग बंद करण्याचा निर्णय मागे घ्या. ही मागणी मी सगळ्यांत जास्त आग्रहाने करते आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहून फाळक्यांना कृष्ण पडद्यावर आणावासा वाटला, त्यांनी नाशकात आपलं काम उभं केलं. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि आज त्यातले अगदी मोजके शिल्लक आहेत. जे आहेत ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेत. त्यांच्याकडे रीतसर पत्र देऊन ‘कालिया मर्दन’ मागवा. १९१९ च्या या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कृष्णाचं काम करण्याआधी फक्त चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. पॅरिसच्या जोनआधी नऊ वर्षं, महाराष्ट्रातल्या एका लहान मुलीचा चेहरा पडद्यावर होता. हे दोन चित्रपट एका दिवशी, एकापाठोपाठ लावा. दुपारी लावलेत तरी चालेल, आम्ही येऊ.

शेवटची मागणी सभागृहाबद्दल. एक रांग अशी ठेवा जिथे दुभाष्याच्या हातांवर मंद दिवा असेल, आणि स्वयंसेवकांना ते आधी सांगून ठेवा. चर्चासत्राला सांकेतिक भाषेचा दुभाषी असू द्या. आमचे माजी विद्यार्थी या चित्रपटावर बोलायला तयार आहेत आणि त्यांना बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तुमच्या निवेदकापेक्षा ते चांगलं सांगतील, याची मला खात्री आहे.

पाट्यांचा मराठी मजकूर आम्ही करून देतो. फ्रेंच जाणणाऱ्या एक बाई आमच्या शाळेला मदत करायला तयार आहेत, वाक्यं छोटी आणि सोपी ठेवण्याचं काम आम्ही शिक्षक करू, आणि ती मुलांना वाचायला किती वेळ लागतो हे मुलांवरच तपासून देऊ. याचा मोबदला नको. शाळा सुरू होण्याआधी समितीची बैठक होते, असं कळलं. त्या बैठकीत हे पत्र वाचलं जावं आणि जो निर्णय होईल तो मूकपट विभाग बंद झाल्याची बातमी जिथे दिलीत तिथेच जाहीर करावा, ही विनंती.

आपली,
कर्णबधिर विद्यालयातली एक शिक्षिका